व्यत्यय आणि परतीची खूण

'व्यत्यय' हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला, पण घेताना त्याचा अर्थ बराच सैल केला. संस्कृतात व्यत्यय म्हणजे उलटापालट, क्रमाचा विपर्यास. वेदांच्या भाषेत एका विभक्तीच्या जागी दुसरी विभक्ती, एका लिंगाच्या जागी दुसरे लिंग येते, त्याला पाणिनीने हाच शब्द योजला आहे. मराठीत आपण व्यत्यय म्हणतो तो चाललेल्या कामात मध्येच पडणारा खंड: दारावरची घंटा, भाषण रंगात आले असताना गेलेली वीज, ओळ अर्धी लिहून झाली असताना आलेला पाहुणा. संगणकशास्त्रात ज्याला इंटरप्ट म्हणतात त्याला प्रतिशब्द म्हणून हा शब्द सहज हाताशी येतो, आणि आम्हांला तो चपखल वाटतो तो या दोन्ही अर्थांमुळे. बाहेरून काहीतरी येते आणि चाललेले वाचन थांबवते, हा मराठी अर्थ. त्यामुळे लिहिलेला क्रम आणि प्रत्यक्ष घडलेला क्रम एक राहत नाही, हा संस्कृत अर्थ. या दुसऱ्या अर्थाने साठ-सत्तर वर्षांपूर्वी काही बुद्धिमान माणसांची झोप उडवली होती.

साहित्याच्या अभ्यासकांनी या यांत्रिक भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. आज्ञावली ही अखेर एक संहिता आहे. ओळीखाली ओळ लिहिलेली, वरून खाली वाचायची. कुठे मागे जा, कुठे पुढची चार वाक्ये सोड, असे सांगितलेले असले तरी तेही संहितेतच लिहिलेले. या संहितेचा वाचक म्हणजे यंत्र. ते आज्ञाधारक असते आणि त्याला स्वतःचे डोके नसते. म्हणूनच संहिता वाचून यंत्र काय करील हे कागदावर सांगता येते, आणि ती पुन्हा चालवली तर पुन्हा तेच घडते. पहिल्या यंत्रांच्या लेखकांना या पुनरावृत्तीचा केवढा आधार वाटत असे, याची आज कल्पना येणे कठीण आहे. यंत्रातील नळ्या जळत, तारा सुटत, पण संहिता मात्र कालची ती आजही असे.

अडचण आली ती टंकयंत्राची. १९५० च्या दशकातील संगणक सेकंदाला हजारो आज्ञा पार पाडू लागले होते, पण त्याला जोडलेले टंकयंत्र सेकंदाला दहाएक अक्षरेच उमटवू शकत असे. एक अक्षर उमटेपर्यंत संगणकाने काय करायचे? तर टंकयंत्राला विचारत राहायचे: झाले का? झाले का? झाले का? रेशनच्या रांगेतला माणूस दर क्षणाला खिडकीत डोकावतो तसे. लाखो रुपयांचे यंत्र आपला बहुतेक वेळ या डोकावण्यात घालवीत होते. यावर उपाय असा की, यंत्राने आपले दुसरे काम करीत राहावे, टंकयंत्राचे अक्षर उमटून झाले की त्यानेच एका तारेवरून खूण करावी, यंत्राने हातातले वाचन थांबवून टंकयंत्राला पुढचे अक्षर द्यावे आणि मग जिथे थांबलो होतो तिथून पुढे वाचू लागावे.

कल्पना एका माणसाला सुचली असे नाही. १९५१ च्या युनिव्हॅक या यंत्रात बेरजेचे उत्तर जागेत मावेनासे झाले की वाचन आपोआप एका ठरलेल्या ठिकाणी उडी मारीत असे. पण तो व्यत्यय घरातलाच होता, बाहेरून आलेला नव्हता. बाहेरच्या उपकरणाने संगणकाचे लक्ष वेधून घ्यावे ही सोय १९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने बांधलेल्या डिसिॲक यंत्रात दिसते. हे यंत्र लष्करासाठी चाकांवरच्या डब्यांत बसवलेले होते. त्यात 'आता कुठे वाचतो आहोत' हे लक्षात ठेवणारे गणक दोन होते आणि बाहेरची खूण आली की यंत्र एकावरून दुसऱ्यावर जाई: एकाच वाचकाच्या हातात दोन पोथ्या, दोन्हींत बोट. दशकाच्या मध्यास क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत पवनबोगद्यातून येणारी मोजमापे टिपून घेण्यासाठी युनिव्हॅक ११०३ च्या एका सुधारित यंत्रात इंटरप्ट बसवला गेला. वारा काही गणित संपेपर्यंत थांबत नाही. १९५७ च्या डिसेंबरात आयबीएमच्या फ्रेड ब्रूक्स यांनी या विषयावर निबंध वाचला, तोवर गोष्ट अभियंत्यांच्या परिषदांत पोचली होती.

परंतु या शोधाकडे पाहून जो माणूस घाबरला त्याच्यापाशी थांबणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. एड्सखर डाइक्स्ट्रा १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात आज्ञावली लिहीत होते. १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी व्यवसाय म्हणून 'प्रोग्रॅमर' असे लिहिले, तेव्हा असा व्यवसायच नाही म्हणून ते मान्य झाले नाही, ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. त्यांची कामाची रीत अशी होती की ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे मित्र यंत्र बांधीत, आणि यंत्र पुरे होण्याच्या आधी डाइक्स्ट्रा त्याच्यासाठी लिहून ठेवीत. यंत्र हाताशी नसताना लिहायचे म्हणजे तपासून पाहण्याची सोय नाही. लिहिलेले बरोबर आहे हे विचारानेच ठरवावे लागे. या शिस्तीत वाढलेल्या माणसासमोर मित्रांनी एक्स-१ या नव्या यंत्राचा आराखडा ठेवला. त्यात इंटरप्ट होता.

डाइक्स्ट्रांना त्यात काय दिसले? यंत्र आपली संहिता वाचीत आहे आणि कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये, कोणत्याही क्षणी, टंकयंत्र किंवा फीत वाचणारे उपकरण मध्ये तोंड घालू शकते. ते केव्हा घालील हे फितीच्या वेगावर, दाते झिजले आहेत की नाहीत यावर, हवेतल्या दमटपणावरही अवलंबून राहील. म्हणजे एकच संहिता दोनदा चालवली तरी घडणाऱ्या घटनांचा क्रम दोनदा एकच असणार नाही. आणि चूक झालीच, तर ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. जी चूक पुन्हा घडत नाही ती शोधायची कशी? यंत्र बिघडले की आपले लिखाण, हेही ठरवता येणार नाही. आपण घाबरून गेलो होतो, असे त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांनी काही महिने होकार दिला नाही. अखेर मित्रांनी गोड बोलून, तुझ्यासारख्यालाच हे जमेल असे म्हणत त्यांचा विरोध मोडून काढला.

होकार देण्याआधी डाइक्स्ट्रांनी एकच प्रश्न विचारला: मध्येच थांबवलेल्या वाचनाची सगळी स्थिती जपून ठेवता येते का, आणि जशीच्या तशी परत करता येते का? त्यांनी मांडणी केली आणि निष्कर्ष आला की मित्रांनी आखलेल्या रचनेत हे शक्यच नाही. काही विरळ प्रसंगांत एखादी लहानशी गोष्ट जपायची राहून जाई आणि परतल्यावर संहिता किंचित बदललेल्या यंत्रावर पुढे वाचली जाई. असे प्रसंग इतके दुर्मीळ होते की यंत्र चालवून पाहून ते कोणाच्या लक्षात आले नसते. मित्रांना आराखडा बदलावा लागला. बाजारात विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांतही असेच दोष पुढे कित्येक वर्षे आपल्याला आढळत राहिले, असे डाइक्स्ट्रा सांगतात. आम्हांला या प्रसंगात नाट्य दिसते ते याच ठिकाणी. भित्रा म्हणून ज्याला समजावले, त्याच्या भीतीतूनच यंत्राचा दोष सापडला.

आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या कथा आहेत. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली. इंटरप्ट आला की जी छोटी आज्ञावली धावून येते तिची अवस्था हीच असते. तिला स्वतःचा देह नाही. जो कोणी त्या क्षणी यंत्रावर वाचला जात असेल, त्याच्याच देहात तिला शिरावे लागते. त्याच्याच खणांत आपले अंक ठेवावे लागतात. म्हणून पहिले काम खणांत आधी काय होते ते बाजूला नोंदवून ठेवणे, आणि शेवटचे काम ते सगळे होते तसे परत ठेवणे. मूळ मालकाला आपण गेलो होतो हे कळताही कामा नये. कोलरिजच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्याच्याच सांगण्यानुसार १७९७ साली पोर्लॉक गावाहून कोणी कामासाठी आला, तासभर बसला, आणि परत येऊन पाहतो तो कविता गेलेली. व्यत्यय आला यात विशेष काही नव्हते. परतीची खूण कुठेच ठेवलेली नव्हती.

उलट बाजूचे उदाहरण अष्टावधानाचे. तेलुगू आणि कन्नड प्रदेशांत अजूनही चालणाऱ्या या विद्येत अवधानी आठ पृच्छकांच्या मागण्या पुऱ्या करतो. एकाला एक चरण देऊन दुसऱ्याकडे वळतो, पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्याकडे येतो. त्यात एका पृच्छकाचे कामच असे की, वाटेल तेव्हा असंबद्ध प्रश्न टाकून अवधानाचा भंग करावा. त्याला 'अप्रस्तुतप्रसंग' म्हणतात. अवधानी त्याला उत्तर देतो, बहुधा सभेला हसवतो, आणि सोडलेल्या चरणाचा नेमका धागा उचलतो. शेवटी धारणेत सगळे श्लोक सलग म्हणून दाखवावे लागतात. कार्यप्रणाली जे करते त्याचे याहून नेटके रूपक आम्हांला सापडलेले नाही. फरक असा की अवधान्याला समोर पृच्छक बसलेले दिसतात.

डाइक्स्ट्रांचा प्रबंध २८ ऑक्टोबर १९५९ रोजी ॲमस्टरडॅम विद्यापीठात मान्य झाला. त्याचा विषय स्वयंचलित संगणकाशी होणारा संवाद हा होता आणि त्याच्या केंद्रस्थानी एक्स-१ साठी लिहिलेली इंटरप्टची आज्ञावली होती. १९६२ साली ते आइंडहोव्हनला गेले. तेथे त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर एक्स-८ या यंत्रासाठी जी कार्यप्रणाली रचली, तिच्यावरचा १९६८ चा निबंध आजही वाचावा असा आहे. तिची रचना मजल्यामजल्यांची आहे. सर्वांत खालच्या, शून्याव्या मजल्यावर घड्याळाचा इंटरप्ट घेतला जातो आणि यंत्र कोणाला द्यायचे ते ठरते. त्याच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना यंत्र एक आहे की अनेक, ते मध्येच काढून घेतले जाते की नाही, हे कळतच नाही. ते आपापली संहिता सलग वाचीत राहतात. ज्याची भीती वाटत होती ती गोष्ट तळघरात कोंडून ठेवण्याचा हा प्रकार होता, आणि तो यशस्वी झाला.

मजल्यांवरच्या रहिवाशांनी एकमेकांची वाट कशी पाहायची, यासाठी त्यांनी सेमाफोर ही युक्ती काढली. शब्द आगगाडीच्या हात हलवणाऱ्या सिग्नलचा. एकेरी रुळावर एक गाडी आत गेली की हात आडवा, ती बाहेर पडली की हात मोकळा. या दोन क्रियांना त्यांनी 'पी' आणि 'व्ही' ही नावे दिली. 'व्ही' हे 'वाढवणे' या अर्थाच्या डच शब्दाचे आद्याक्षर आहे. 'कमी करणे' यालाही डचमध्ये 'व्ही'नेच सुरू होणारा शब्द असल्यामुळे 'कमी करून पाहा' या अर्थाचा एक नवाच जोडशब्द त्यांनी घडवला आणि त्याचे आद्याक्षर घेतले. जगभरचे विद्यार्थी ही दोन अक्षरे अर्थ न कळता घोकतात. मंत्रांचे असेच होत असावे.

प्रणाली तपासताना ज्या चुका सापडल्या त्या सगळ्या किरकोळ होत्या, सुमारे पाचशे आज्ञांमागे एक, आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांत हाती लागली, असा डाइक्स्ट्रांचा दावा आहे. त्यांच्या लेखनात आत्मप्रौढी पुष्कळ आहे हे मान्य करूनही हा दावा फेटाळण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

अमेरिकेत गोष्टी निराळ्या वळणाने गेल्या. १९७० साली बाजारात आलेल्या पीडीपी-११ या यंत्रात प्रत्येक उपकरणाला स्मृतीच्या तळाशी एक ठरलेली जागा असे. घड्याळाची जागा वेगळी, कळफलकाची वेगळी. त्या जागी दोन गोष्टी लिहिलेल्या: व्यत्यय आल्यास कोणती ओळ वाचायला घ्यायची, आणि ती वाचताना यंत्राचा अग्रक्रम किती ठेवायचा. अग्रक्रम शून्यापासून सातापर्यंत. सातावर बसलेल्या यंत्राला कोणतेच उपकरण हाक मारू शकत नाही. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची युनिक्स या यंत्रावर वाढली, आणि उपकरणांशी बोलणाऱ्या तिच्या आज्ञावल्यांत, म्हणजे ड्रायव्हरांत, अग्रक्रम चढवणे-उतरवणे हीच मुख्य युक्ती होती. ड्रायव्हर आणि त्याचा इंटरप्ट दोघेही ज्या यादीला हात लावतात तिला हात लावण्याआधी अग्रक्रम वर न्यायचा, काम उरकून पुन्हा खाली आणायचा. डाइक्स्ट्रांनी रचलेल्या मजल्यांच्या मानाने हे फारच घरगुती. देवघरात जाताना 'आता कोणी हाक मारू नका' असे सांगावे, तेवढेच.

या घरगुती युक्तीचा पहिला भाष्यकार ऑस्ट्रेलियात निघाला. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६ साली युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची गाभ्याची संहिता विद्यार्थ्यांसाठी छापली आणि तिच्यावर भाष्य लिहिले. संहिता दहा हजार ओळींच्या आत. सर्व ओळींना सलग क्रमांक. भाष्य स्वतंत्र भागात, त्या क्रमांकांचा हवाला देत चालणारे. मूळ आणि टीका समोरासमोर ठेवून वाचण्याची ही रीत आपल्या परंपरेत वाढलेल्यांना मुळीच नवी नाही. ओवीचा क्रमांक सांगून अर्थ लावणारे आपले अध्यापक या पुस्तकात लगेच रमले असते. लायन्सची शैलीही चांगल्या टीकाकाराची आहे. जे उघड आहे ते तो ओलांडून जातो, अडते तिथे थांबतो, आणि मूळ लेखकाने काही गबाळे लिहिले असेल तर तसे म्हणतो.

यंत्रातल्या इंटरप्टांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. कळ दाबली की काय होते, याचा माग वाचकाला ओळ क्रमांकांवरून काढता येतो. इंटरप्ट येतो, स्थिती जपली जाते, अक्षर रांगेत ठेवले जाते, त्या अक्षराची वाट पाहत झोपलेली प्रक्रिया असेल तर तिला उठवण्याची नोंद होते, आणि मूळ वाचन पुढे सुरू. इथे एक कडक नियम आहे: इंटरप्टच्या आज्ञावलीने स्वतः कधीही झोपायचे नाही. कारण उघड आहे. देह तिचा नाही. ती झोपली तर ज्याच्या देहात ती शिरली आहे तो बिचारा विनाकारण निजेल, आणि त्याला उठवायला कोणी येणार नाही. त्या देहाच्या मालकाचे खासगी कागदही तिने वाचायचे नाहीत, कारण तो मालक कोण हे ठाऊक असण्याचा तिला संभवच नाही.

याच संहितेत, एका प्रक्रियेकडून दुसरीकडे यंत्र सोपवण्याच्या जागी, क्रमांक २२३८ वर ती प्रसिद्ध टीप आहे. हे तुम्हांला कळावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाची. तिला पुष्कळांनी उर्मटपणा मानले. 'परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही' एवढाच आपला भाव होता, असे रिची यांनी नंतर सांगितले. आणि खरी गोष्ट अशी की तेथे काय घडते ते आम्हांलाही नीट कळले नव्हते, हेही जोडले. त्या जागची युक्ती पुढच्या आवृत्तीत बदलली गेली.

१९७९ मध्ये सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात संहिता शिकवण्यास बंदी घातली. लायन्सचे पुस्तक मग छायाप्रतींच्या छायाप्रतींतून फिरत राहिले, इतके की काही प्रतींत अक्षर लागत नसे. ते उघडपणे छापले गेले १९९६ साली. दोन वर्षांनी लायन्स वारले. टीकाग्रंथाला असे भूमिगत वीस वर्षांचे आयुष्य लाभल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला पटकन आठवत नाही.

जाता जाता एका शब्दाची गंमत. युनिक्सच्या बर्कलीच्या घराण्यात ड्रायव्हरचे दोन भाग मानतात: वरचा भाग, जो वापरणाऱ्याच्या मागणीवरून चालतो, आणि खालचा भाग, जो इंटरप्टवरून चालतो. लिनक्सच्या घराण्यात हेच शब्द घेतले, पण तेथे वरचा भाग म्हणजे इंटरप्ट आल्या आल्या धावणारा, आणि खालचा म्हणजे त्याने मागे ठेवलेले काम सवडीने उरकणारा. एकाचा खालचा तो दुसऱ्याचा वरचा. दोन्ही घराण्यांची पुस्तके एकाच टेबलावर ठेवून शिकणारा विद्यार्थी हटकून गोंधळतो. पाणिनीय अर्थाने व्यत्यय म्हणतात तो हा.

डाइक्स्ट्रांची भीती अवास्तव नव्हती हे सर्वांत क्रूरपणे सिद्ध झाले ते टेक्सास राज्यातील टायलर शहरात. तेथील कर्करोग केंद्रात थेरॅक-२५ हे किरणोपचाराचे यंत्र होते. त्याच्या आत पीडीपी-११ होता आणि त्यावर कळफलकाचा इंटरप्ट, पडद्याचा इंटरप्ट, घड्याळाचा इंटरप्ट व उपचाराचे काम हे सगळे सामाईक नोंदींवर हात टाकीत चालत. २१ मार्च १९८६ रोजी यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी इलेक्ट्रॉनच्या जागी चुकून क्ष-किरणाचे अक्षर दाबले, चूक लक्षात येताच वर जाऊन दुरुस्त केले आणि उपचार सुरू केला. त्या रोजच्या सरावाने फार जलद टंकलेखन करीत. यंत्रातली चुंबके योग्य जागी बसायला आठएक सेकंद लागत. त्या काळात कोणी नोंद बदलली का, हे पाहण्याची खूण पहिल्याच चुंबकानंतर पुसली जात असे. आठ सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, यंत्राला कळली नाही. पडद्यावर 'बिघाड ५४' एवढेच उमटले. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या अनेक पटींनी किरण लागले. ११ एप्रिलला दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. दोघेही त्याच वर्षी दगावले.

तंत्रज्ञ आणि केंद्राचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी मग यंत्रासमोर बसून तेच दृश्य पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला. हळू लिहिले की काहीच होत नसे. वेग वाढवीत वाढवीत गेल्यावर 'बिघाड ५४' हुकमी उमटू लागला. उत्पादक कंपनीच्या अभियंत्याला प्रथम ते साधले नाही, कारण तो सावकाश लिहीत होता. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांची जी चिकित्सा प्रसिद्ध केली, तीत ही हकीकत आहे. याच घराण्यातील आधीच्या थेरॅक-२० यंत्राच्या आज्ञावलीतही असलीच चूक होती, पण तेथे विजेचा फ्यूज उडे आणि अनर्थ टळे. नव्या यंत्रातून तो यांत्रिक अडसर काढून टाकण्यात आला होता. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ चे सहा अपघात नोंदले गेले.

या प्रकरणाचा उपयोग करून डाइक्स्ट्रा बरोबर होते एवढेच म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. चाचण्या घेऊन अशी चूक सापडत नाही, हे खरे ठरले. पण जी सापडली ती सिद्धांताने सापडली नाही. एका बाईच्या बोटांच्या वेगाची नक्कल करून सापडली. ती संहिता लिहिणाराने त्या बोटांची कल्पनाच केली नव्हती. आज्ञावली लिहिणाऱ्याला वाचक म्हणून यंत्र ठाऊक असते, कळ दाबणारा माणूस मात्र त्याच्या डोळ्यांपुढे नसतो.

लायन्सच्या पुस्तकावरची बंदी एका वेगळ्या अर्थाने फळली. वर्गात शिकवायला संहिता उरली नाही म्हणून ॲमस्टरडॅमचे अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स ही छोटी प्रणाली स्वतःच लिहून पुस्तकासह प्रसिद्ध केली. तिच्या सर्वांत खालच्या थरात इंटरप्ट आला की त्याचे एका निरोपात रूपांतर होते आणि तो निरोप संबंधित ड्रायव्हरला पोचवला जातो. वरच्यांना इंटरप्ट दिसत नाही, निरोप दिसतो. आइंडहोव्हनच्या तळघराची ही नातवंडे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉर्व्हाल्ड्स हा विद्यार्थी मिनिक्स वापरीत होता. त्याने घड्याळाच्या इंटरप्टवर दोन प्रक्रिया आलटून पालटून चालवून पाहिल्या: एक पडद्यावर 'ए' लिहीत राही, दुसरी 'बी'. अक्षरे बदलताना दिसली तेव्हा त्याला झालेला आनंद त्याने लिहून ठेवला आहे. मग त्याच दोन प्रक्रियांना त्याने काम दिले. एक कळफलकावरून घेऊन मोडेमला देई, दुसरी मोडेमकडून घेऊन पडद्याला. उतरवून घेतलेले साठवायला तबकडीचा ड्रायव्हर लिहावा लागला. लिनक्सचा आरंभ असा तीन-चार ड्रायव्हरांतून झाला.

सुरुवातीच्या लिनक्समध्येही 'आता कोणी हाक मारू नका' हीच युक्ती होती. यंत्रात प्रक्रियक एकच असेपर्यंत ती पुरली. दोन-चार प्रक्रियक आल्यावर एकाने कानांत बोटे घातली तरी दुसरा ऐकतच राहतो. सगळ्यांना एकदम गप्प बसवणारी आज्ञा काही वर्षे वापरात होती, ती २००२ मध्ये काढून टाकली गेली आणि जागोजागी कुलपे आली.

त्याच सुमारास जुना प्रश्न उलटा होऊन समोर आला. टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरे देई, तेव्हा हाक मारण्याची पद्धत फायद्याची होती. गिगाबिट जाळ्यावर लहानात लहान चौकटी भरून आल्या तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार येतात. प्रत्येकीने घंटा वाजवली तर यंत्र घंटा ऐकण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. दार उघडायचे, पत्र घ्यायचे, बसायच्या आत पुन्हा घंटा. घेतलेले एकही पत्र वाचून होत नाही आणि शेवटी ढीग मावेनासा होऊन सगळी फेकावी लागतात. यंत्र थांबलेले नसते, उलट अखंड राबत असते, पण हातून काही निपजत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ च्या निबंधात या अवस्थेचे नेमके निदान केले आणि उपायही दिला. पहिली घंटा ऐकावी, मग घंटेची तार काढून ठेवावी, आणि स्वतःच अधूनमधून दाराशी जाऊन काही आले आहे का पाहावे. दार रिकामे दिसले की तार पुन्हा जोडावी. २००१ साली जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी याच धर्तीची रचना लिनक्सच्या जाळ्याच्या ड्रायव्हरांसाठी मांडली. 'झाले का, झाले का' म्हणत खिडकीत डोकावणे, ज्याला कंटाळून इंटरप्ट आणला, ते अर्धशतकाने सन्मानाने परत आले.

दुसरा बदल डाइक्स्ट्रांच्या दिशेने झाला. २००९ पासून लिनक्समध्ये इंटरप्टच्या कामाचा बहुतेक भाग एका स्वतंत्र प्रक्रियेकडे सोपवण्याची सोय झाली. ती थॉमस ग्लाइक्सनर यांनी आणली. अशा आज्ञावलीला स्वतःचा देह असतो. ती झोपू शकते, कुलपासाठी थांबू शकते, तिच्याहून तातडीचे कोणी आले तर तिला बाजूला सारता येते. ज्या यंत्रांना ठरलेल्या क्षणी हालचाल करणे भागच असते, कारखान्यातील यांत्रिक हात असोत की ध्वनिमुद्रणाची उपकरणे, त्यांच्यासाठी हाच नियम सर्वत्र लागू करणारी रचना जवळजवळ वीस वर्षे मुख्य प्रवाहाबाहेर सांभाळली जात होती. ती २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मूळ संहितेत सामील झाली. त्या रचनेत ड्रायव्हरच्या खऱ्या इंटरप्टपाशी बहुधा दोनच कामे उरतात: उपकरणाला 'ऐकले' असे सांगणे, आणि झोपलेल्या प्रक्रियेला उठवणे.